जर-तर पुरस्कार आणि तुझी मिशी

तीर्थरूप आत्यास,

भाच्याचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात उजवा दुखतो म्हणालीस, त्याआधीच्यात डावा. तेव्हा मधल्या काळात एक बरा झाला असं मी धरून चालतो. आम्ही खुशाल. फक्त तुझी भाचेसून माझ्याशी बोलत नाही, आणि त्याला कारण तू. म्हणजे मीच, पण सुरुवात तुझ्यापासून होते.

आमच्या अग्निशमन केंद्राचा इतिहास लिहायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात मारलं, ते तुला ठाऊक आहेच. (मी तिथला भांडारपाल. पाइप मोजणाऱ्याला शब्दही मोजता येतील, असा त्यांचा हिशेब.) जुने कागद मागितले तर कळलं, आगीत गेले. हो, आमच्याच केंद्राला लागलेल्या आगीत! बंब तेव्हा दुसरीकडे गेला होता. मग उरलीस तू. आजोबा बंबाचे ड्रायव्हर, तुझं बालपण केंद्रामागच्या खोल्यांत गेलेलं. म्हणून सुट्टीभर तुझ्यापुढे बसलो आणि सांगशील ते जसंच्या तसं उतरवलं. नाट्यगृहाची आग सोडावॉटरच्या बाटल्यांनी विझवली, लिहिलं. नगराध्यक्षांना घड्याळाच्या मनोऱ्यावरून नुसत्या टॉवेलवर उतरवलं, तेही लिहिलं. आणि लाकडाच्या वखारीला आग लागली तेव्हा आजोबा तापानं फणफणलेले, म्हणून तू त्यांचा गणवेश चढवून, नाटकवाल्यांकडची मिशी चिकटवून बंब हाकलास नि कोणाला पत्ताही लागला नाही, हे तर मी चवीचवीनं लिहिलं. (खरं सांगू? माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. पण वाचायला झकास होतं.)

आता छापखानेवाल्याची अक्कल बघ. त्यानं एक प्रत परस्पर 'जर-तर पुरस्कारा'ला धाडली. हा पुरस्कार कशाला देतात, माहीत आहे? जे घडलंच नाही ते घडलं असतं तर काय झालं असतं, अशा कादंबऱ्यांना! कोणी लिहितं, हरलेला राजा जिंकला असता तर. कोणी लिहितं, चाकाचा शोधच लागला नसता तर. आणि या सगळ्यांना मागे टाकून पहिला आला माझा इतिहास! परीक्षक लिहितात, 'आपल्याच शहराचा भूतकाळ इतक्या बेधडकपणे उलटापालटा करणारी कल्पनाशक्ती आम्ही पाहिली नव्हती.' अगं, मी गल्लीचं नावसुद्धा बदललं नव्हतं! हसावं की रडावं कळेना. पण साहेबांनी हात हातात घेतला, शेजारी 'लेखकमहाशय' म्हणू लागले, आणि मी आपला मूग गिळून बसलो. सन्मानचिन्हासाठी भिंतीवर खिळाही ठोकला. त्यावर काय कोरलंय, सांगू? 'आत्याबाईला मिशा असत्या तर…' (पुढचं 'काका म्हटलं असतं' बसायला जागा उरली नसावी.)

पण दुसऱ्या आलेल्या बाई (त्या चाकवाल्या) स्वस्थ बसेनात. नियम असा की पुस्तकातली मुख्य घटना खरोखर घडलेली नसावी. त्या म्हणाल्या, तपासा. आता न घडलेलं तपासायचं कसं? परीक्षकांनी डोकं खाजवलं आणि मला घेऊन थेट वखार गाठली. तिथले म्हातारे मालक अजून भुशाच्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसतात. त्या दिवशी बंब एका मुलीनं चालवला ही थापच ना, असं विचारताच म्हातारबुवा खो खो हसायला लागले. म्हणाले, "थाप कसली? पोरीची मिशी घामानं सुटून गालावर आली होती. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पण आग विझवायची की मिशी बघत बसायचं? आणि बोललो असतो तर तिच्या बापाची नोकरी गेली असती."

आत्या, सगळ्यांना माहीत होतं गं! 'शाब्बास, पोरा' म्हणून तुझी पाठ थोपटणाऱ्या तेव्हाच्या साहेबांनासुद्धा! मला भरून आलं, आणि त्याच क्षणी पुरस्कार हातचा जातोय हेही दिसलं. एका माणसानं दोन्हीकडे कसं बघायचं?

असो. गुडघ्यांना शेक देत जा.

तुझा भाचा

ता. क. परीक्षक म्हणतात, एकट्या म्हाताऱ्याची आठवण काही पुरावा नव्हे. तेव्हा तू एवढंच लिहून दे की 'बंब मी चालवला नाही, भाच्याला थापा मारल्या.' पुरस्कार राहील. भाचेसून रागावली ती यावरच. ती म्हणते, जन्मात एकदा बाईनं बंब हाकला, तोही तुमच्या खिळ्यापायी परत घेता?

ता. क. दुसरं. वरचं तू वाचलंच नाहीस असं समज. आज सन्मानचिन्ह परत करून आलो. चाकवाल्या बाईंना मिळालं, बिचाऱ्या रडल्या. खिळ्यावर छत्री अडकवली आहे. केंद्रात नवा बंब आलाय आणि पहिली फेरी त्या मिशीवाल्या ड्रायव्हरनंच मारायची, असा पोरांचा हट्ट आहे. गुडघे क्लचला पुरतील ना? आणि ते सोडावॉटरचंही खरं आहे का गं? कळेपर्यंत मला चैन पडणार नाही. लवकर ये, काका.

तुझा पुतण्या