म्हशीचा पट्टा

ता. ४ मे

ती. रू. काकांस,
ठकूचा शिरसाष्टांग नमस्कार.

एक चांगला, नवाकोरा पट्टा दोन-तीन आठवड्यांत का जळावा? बाबांनी मला विचारलं आणि मला उत्तर येत नाही. घरातली पहिली पदवी म्हणून आईने ज्या कागदाला काचेची चौकट केली, त्याच्याखाली बसूनच हे लिहितेय, त्यामुळे लाज जरा जास्तच वाटते.

म्हैस तुम्हाला आठवत असेलच. नाव तुम्हीच ठेवलंत. दवाखान्याच्या आवारातलं गवत कापायचं, बसून चालवायचं ते यंत्र. अजून तशीच आहे, जाड, काळी आणि चढावर फुसफुसणारी. तिच्या पोटाखाली पात्यांचं जे पत्र्याचं खोकं असतं, त्यातला पट्टा यंदा पुन्हा गेला. इंजिनाचा जोर पात्यांपर्यंत नेणारा तो एवढाच दुवा. तो गेला की म्हैस नुसती हिंडते, चरत नाही.

या वेळी मी बदलला. बाबा म्हणाले की कंबर धरलीय, तू खाली जा, मी वरून सांगतो. ते उलट्या बादलीवर बसले आणि मी शेडच्या फरशीवर आडवी झाले. किल्ली काढून खिशात ठेवली, खोकं पार खाली उतरवलं, पुल्यांवरची झाकणं काढली. आत कुजक्या गवताचा एवढा लगदा होता की एक उशी भरली असती. ताणाची कप्पी स्प्रिंगच्या विरुद्ध ओढून धरायची आणि तेवढ्यात पट्टा चढवायचा, हे ऐकायला सोपं आहे. पहिल्यांदा पट्ट्याला पीळ पडला, सगळं पुन्हा काढलं. बोटं सोलली. वॉर्डातली मावशी जाता जाता बोलून गेली की एवढं शिकून पोरगी शेवटी म्हशीखालीच. एरवी बाबांनी तिला सोडलं नसतं. या वेळी नुसते बसून राहिले. ते हल्ली फार दमतात, काका.

माझ्या अर्जांना अजून कुठूनच उत्तर नाही. त्यामुळे मला वेळच वेळ आहे. पट्ट्याचं तेवढं कारण कळवा.

लोभ आहेच, तो आटू देऊ नका.
तुमची,
ठकू


ता. ११ मे

चि. ठकूस,
काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. पदवीला ग्रीस लागलं, आता ती गंजणार नाही. मावशीला सांग, म्हशीखाली गेल्याशिवाय दूध मिळत नाही.

पट्टा उगाच जळत नसतो, बाईसाहेब. जुना टाकला नसशील तर उजेडात धर. कडा काचेसारख्या चकचकीत दिसल्या तर समज तो घसरत होता, म्हणजे पुरता ताणला जात नव्हता. कप्पी हाताने फिरवून बघ, स्प्रिंग ओढून बघ. दोन्ही शहाणी असतील, तर तुझा बाप, आमचा दादा, पाती सुरू करतो तेव्हा त्याच्या उजव्या बाजूच्या दांड्याकडे लक्ष दे. दांडा पुढे जाऊन खाचेत खटकन बसला पाहिजे. अलीकडेच राहिला तर पट्टा अर्धवट ताणतो, घसरतो आणि जळतो. दादाच्या हातून असं होणार नाही म्हणा. त्याचा खटका आम्हाला पार फाटकापाशी ऐकू यायचा.

इकडे भांडाराच्या खोलीत मी आणि माझा जाड चष्मा बरे आहोत. वहिनीला नमस्कार सांग. आठवण ठेवतेस, तशीच ठेव.
काका


ता. १९ मे

ती. रू. काकांस,
शि. सा. नमस्कार.

पट्ट्याच्या कडा चकचकीत आहेत. कप्पी फिरते, स्प्रिंग घट्ट आहे. दांडाही चांगला आहे. मी ढकलला की खटकन बसतो.

मग मी मेंदीच्या कुंपणामागे उभी राहून बाबांना बघितलं. चोरासारखं वाटत होतं. त्यांनी उजव्या हाताने दांडा ढकलला, तो अर्ध्यावर गेला आणि तिथेच थांबला. म्हणजे हात थांबला. त्यांनी ओठ दाबून धरले, गुडघ्याने रेटा दिला, मग वाकून डावा हात आणला. तरी खटका आला नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तसेच निघाले. पात्यांचा सूर मंद होता आणि मागे जळक्या रबराचा वास.

त्यांचा उजवा खांदा गेलाय, काका. आई सकाळी त्यांचे केस विंचरते, सदऱ्याची बाही चढवून देते. मला वाटायचं, या वयात यांचं प्रेम उतू चाललंय. आईला विचारलं तेव्हा ती आधी भांडीच घासत राहिली. मग म्हणाली की थंडीपासून हे असंच आहे आणि तू काही पाहिलं नाहीस.

हाडांच्या डॉक्टरांचं दार याच हिरवळीवर उघडतं. बाबा त्यांना रोज हात वर करून नमस्कार करतात, डावा हात. दाखवायला मात्र जात नाहीत. डॉक्टर दवाखान्याच्या मोठ्या साहेबांना सांगतील, साहेब म्हैस काढून घेतील आणि म्हशीबरोबर हे राहतं क्वार्टरही जाईल, असा त्यांचा हिशेब. म्हणून घरात सगळे पट्ट्याला नावं ठेवतात.

पण या गवतावर आजारी माणसं चालतात. कोणी वाटेत आलं की पाती तत्क्षणी बंद करायची, हे बाबांनीच मला लहानपणी शिकवलं. जो दांडा पुढे जात नाही, तो घाईत मागे कसा येणार? साहेबांना सांगावंसं वाटतं. बाबांकडे बघितलं की तोंड उघडत नाही.

तुमच्या उत्तराची वाट बघते.
ठकू


ता. २६ मे

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. चष्मा पुसून वाचलं तरी तेच लिहिलेलं होतं.

काखेत कळसा नि गावाला वळसा, असं तू दादाला म्हणशील. म्हणू नकोस. डोळ्यांना कमी दिसतं हे मी साहेबांच्या खोलीत जाऊन आपल्या तोंडाने सांगितलं होतं. त्यांनी पाठ थोपटली, खरेपणाचं कौतुक केलं आणि इथे परगावी, या बिनखिडकीच्या खोलीत स्क्रू मोजायला पाठवलं. तेव्हाचे साहेब वेगळे होते, पण खुर्ची तीच आहे. मला एकट्याला एक ट्रंक उचलायची होती. दादाच्या मागे वहिनी आहे, तू आहेस, घर आहे.

झाकली मूठ राहू दे. दांड्याच्या आत बसेल असा नाही, दांड्यावर चढेल असा हातभर पाइप बघ. दांडा लांब झाला की डाव्या हाताच्या जोरावरही खाचेत बसतो. पट्टा टिकेल, दादाही टिकेल, आणि कोणाला काही विचारावं लागणार नाही.

तुझी तत्त्वं चांगली आहेत, पोरी. ती नोकरी लागल्यावर वापर.
रागावली असलीस तरी पत्र पाठव.
काका


ता. ६ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, समजून घे. डाव्या हाताने लिहितोय हे तुझ्या वहिनीला सांगू नको असं लिहिणार होतो, पण कागद तीच दाबून धरून बसलीय.

ठकूने दांड्याला पाइप चढवला. म्हणाली, दांडा जरा आखूड वाटत होता. मी म्हटलं, हो, आखूडच आहे. तिला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. डोकं तुझं, ते मी ओळखलं. म्हैस चरतेय, पट्टा टिकलाय. एवढा हंगाम निघाला की पुढचं पुढे.

दमतो रे. गवत काही दमत नाही.
प्रकृतीला जप. माझी काळजी तुम्ही दोघं मिळून करताच आहात.
दादा


ता. १४ जून

ती. रू. काकांस,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र सल्ला विचारायला नाही. झालेलं कळवतेय. पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत मला थांबता आलं नसतं.

मंगळवारी बाबा तळ्याकडच्या उतारावर कापत होते. नवा गुडघा बसवलेली एक बाई वॉकर टेकत गवतावर आली, पाठमोरी. बाबांनी दांडा ओढला आणि पाइप निसटून त्यांच्या हातात आला. दांडा खाचेतच. पाती चालू. त्यांनी म्हैस वळवून गुलाबांच्या वाफ्यात घातली आणि डाव्या हाताने किल्ली फिरवली. बाईला काही झालं नाही. उलट तिनेच बाबांची माफी मागितली, मध्ये आले म्हणून. बाबा हसून म्हणाले की चालायचंच, गवत तुमच्यासाठीच आहे. मी फाटकापाशी होते. धावत पोचले तेव्हा पाइप अजून त्यांच्या हातातच होता.

शेडमध्ये आल्यावर ते बादलीवर बसले आणि म्हणाले की पट्टा सैल झालेला दिसतो, जरा बघ.

काका, तो पट्टा मी बसवला होता. तो सैल नव्हता. मी तसं सांगितलं. खांद्याचं सांगितलं, कुंपणामागे उभी होते तेही सांगितलं. पाइप माझ्या हातचा होता, तेव्हा त्या बाईच्या पायाला काही झालं असतं तर ते माझ्याही हातचं झालं असतं, हेही सांगितलं. बाहेर कोणाचं तरी चाकांचं स्ट्रेचर खडखडत गेलं. मग ते हळूच म्हणाले की घर गेलं तर आईला तू सांगायचंस.

मी म्हटलं, सांगेन.

मग खाली आडवी झाले आणि चांगला पट्टा काढला. चढवायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या निम्म्यात निघतो. आता बाबांना तो एकट्याने चढवता येणार नाही, हे मला माहीत होतं, त्यांनाही.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हैस तूर्त उभी राहील. खांदा बघितल्यावर बाबांना रोपवाटिकेत बसून करायचं काम देता येतं का ते बघतो म्हणाले. क्वार्टरबद्दल वर विचारावं लागेल. वचन दिलं नाही आणि मी मागितलं नाही. तुमच्या ट्रंकेची आठवण तिथे मला आली होती, एवढं खरं.

आज सकाळी आईने बाबांना सदरा चढवून दिला आणि ते हाडांच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकावर जाऊन बसले. मी शेजारी बसून हे लिहितेय. माझ्याशी बोलत नाहीत, पण मी आले तेव्हा सरकून जागा केली. समोर गवत घोट्यापर्यंत आलंय. ते त्याच्याकडे बघत नाहीत.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी पट्टा हातात घेऊन मी शेडबाहेर निघाले, तेव्हा बाबांनी कुठे चाललीस विचारलं. मी सांगितलं. वाटलं, अडवतील. ते म्हणाले की आधी हात धू, साहेबांच्या टेबलाला ग्रीस लागेल.

मी हात धुतले, पट्टा पुसला आणि नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला.

रागवायचं असेल तर रागवा, पण पत्रातून रागवा, म्हणजे पत्र येईल.
तुमची,
ठकू