बंद शेडमधलं मोजमाप

प्रिय दादा,

काल वहिनीचा फोन आला होता. गुरुवारी तू रोपवाटिकेची जागा विकायच्या कागदांवर सही करणार आहेस, असं म्हणाली. चहाचा कपसुद्धा हे आता दोन्ही हातांनी धरतात, कलमं कुठली बांधणार, असंही म्हणाली. मी बरं म्हटलं, फोन ठेवला, भाजी चिरायला घेतली आणि अर्धी तशीच टाकून हे लिहायला बसले. पत्र बघून तू म्हणशील, प्राध्यापकीणबाईंना फोन करता येत नाही वाटतं. येतो रे. पण फोनवर माझं अर्धं वाक्य झालं की तू ‘जाऊ दे गं’ म्हणतोस, आणि मी खरंच जाऊ देते.

दोन वर्षांपूर्वीचे ते चार दिवस तू विसरला नसशील. बागायतदार संघाला मुळाकडचा खुंट नव्या जातीचा असलेली नासपतीची साडेतीनशे कलमं हवी होती, आणि जोड पक्का आहे याची खात्रीही. मीच हौसेने पुढे झाले. झाड न कापता त्याच्या आतलं पाणी दाखवणारं यंत्र आमच्या प्रयोगशाळेत आहे म्हटलं, दवाखान्यातल्या एमआरआयचं धाकटं भावंड, गाडीच्या डिकीत मावणारं. त्या यंत्राचं बिजागरीचं चुंबक मी रोपाच्या खोडाभोवती मिटवलं तेव्हा तू म्हणालास, बेडी घातलीस की गं बिचाऱ्याला, निदान गुन्हा तरी सांग. वहिनी म्हणाली, बेडी कसली, दागिना आहे तो. झाडांचे लाड होतात या घरात, माणसांचे नाही. पहिल्या दिवशी आपण अंगणात, भर उन्हात, बिनकलमाचं एक रोप तपासलं. पडद्यावर खोडाचा गोल काप उमटला. त्यात पाणी कुठून किती वेगाने वर चढतंय ते दिसायला लागलं, आणि तू चष्मा पुसून पुसून बघत राहिलास. तीस वर्षं हे बोटांना कळत होतं, डोळ्यांना आज कळलं, असं काहीतरी पुटपुटलास.

दुसऱ्या दिवशी ऊन फार वाढलं. ते चुंबक नाजूक प्रकृतीचं, जरा तापलं की आकडे भरकटतात. म्हणून मी बारा कलमं शेडमध्ये आणवली, खिडक्यांवर जाड चादरी टांगल्या, दार लावून घेतलं आणि दोन दिवस आत मोजत बसले. बाराही कलमांच्या खोडात पाणी होतं, पण ते जागचं हलत नव्हतं. जोडाच्या खाली शून्य, वर शून्य. पानं तर टवटवीत आहेत गं, असं तू एकदाच म्हणालास. जोड आतून जुळला नसला तरी काही दिवस पान फसवतं, असं मी तुला समजावलं. तू वाद घातला नाहीस. दुसऱ्याच्या बागेत खोटं झाड जायला नको, एवढंच म्हणालास आणि माझ्यासमोर साडेतीनशेच्या साडेतीनशे कलमं उपटून पेटवलीस. ओली होती, पेटता पेटेनात. तू वाकून वाकून फुंकर घालत होतास. कापून बघायला म्हणून मी एक कलम मागून घेतलं, तेवढंच वाचलं. त्यानंतर तू कलमाचा चाकू हातात धरला नाहीस. तीस वर्षं माती हाताळलेला माणूस आता रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकांना भिंतींच्या छटा दाखवतो. वय झालं, हात गेला, असं तू सगळ्यांना हसत सांगतोस, आणि सगळे मान डोलावतात. मीही डोलावली.

माझा अहवाल मात्र नावाजला गेला. जोड फसल्याचं बाहेरून दिसायच्या आधीच आतलं अपयश ओळखता येतं, असं त्यात मी ठासून लिहिलं होतं. त्याच वर्षी मला बढती मिळाली. तू पेढे नको म्हणालास, पण एक शाल पाठवलीस.

चार महिन्यांपूर्वी एका विद्यार्थिनीने टोमॅटोच्या रोपांची मोजणी आणून दाखवली. रोपं मेली म्हणाली, पाणी चढतच नाही. आमचे तंत्रज्ञ, या वर्षी निवृत्त होणारे, तिच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, बाळ, दिवा बंद आहे. अंधारात पानं तोंड मिटून बसतात, मग पाणी वर ओढणार कोण? सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता मला तुझी शेड आठवली. त्या संध्याकाळी जुन्या वह्या काढल्या. बिनकलमाचं रोप उन्हात. कलमं चादरींच्या आड. नोंद माझ्याच अक्षरात, वेळेसकट. एवढी साधी गोष्ट, दादा. तू ती शाळेच्या पुस्तकाशिवाय जाणतोस, आणि तरीही माझ्यावर विश्वास ठेवून स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवलंस.

ते वाचलेलं कलम मी कापलंच नव्हतं. प्रयोगशाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ ठेवून विसरले होते. आता ते माझ्या डोक्याच्या वर गेलंय. वह्या काढल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्याच्या जोडावर यंत्र मिटवलं. पाणी खुंटातून सरळ वर जात होतं, जोड कुठे आहे हे पडद्यावर शोधूनही सापडेना. हे मला चार महिने ठाऊक आहे. चार महिने मी रोज कामावर गेले, शिकवलं, दर रविवारी तुझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. लाज वाटत होती म्हणून, आणि मिळालेलं जाईल या भीतीनेही. आज सकाळी अहवाल मागे घेत असल्याचं पत्र संस्थेला दिलं, बागायतदार संघालाही कळवलं. जळालेलं काही परत येणार नाही, आणि तू मला माफ करावंस असं मागायची माझी हिंमत नाही. मागायचं ते एवढंच. गुरुवारी सही करायची तर कर, थकला असशील, कंटाळला असशील, तुझा निर्णय आहे. पण आपला हात गेला म्हणून करू नकोस. तुझा हात चुकला नव्हता, दादा. चूक माझी होती.

तुझीच,
धाकटी