चादरी काढायच्या आहेत

३ मार्च. दु. ४.१०
दहा महिन्यांनी घरी पोचलो. बॅगा दोन, माणूस एक. कुलपात किल्ली तिसऱ्या खेपेला गेली. थंडीमुळे. बाहेर उकाडा आहे, पण विमानातली थंडी अंगात राहते.
निघताना हिने सगळ्या फर्निचरवर चादरी घातल्या होत्या, त्या तशाच आहेत. आल्याबरोबर काढायच्या, हा तिचा नियम. उद्या सकाळी काढतो. तासाभराचं काम. आज झोपायला समोरच्या वहिनींकडे. त्यांचा पंखा चांगला आहे.

४ मार्च
चादरी राहिल्या. मला धुळीचं वावडं आहे. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, वीस वर्षांत तुम्हाला एकदाही शिंकताना ऐकलं नाही. काही वावडी आतल्या आत असतात, असं मी सांगितलं.

५ मार्च. स. ११.००
बत्तीस वर्षं लिफ्ट तपासल्या. बॅटरी तोंडात धरून अंधाऱ्या खड्ड्यात उतरलो आहे. भीती हा प्रकार मला ठाऊक नाही.
घराची रीतसर पाहणी केली. सोफा, टेबल, टीव्ही: ठीक. खिडकीजवळची तिची खुर्ची: चादरीखाली कोणी बसल्यासारखं दिसतं. उशी असावी. उशीच आहे. पाहणी दारातून केली. शेरा: समाधानकारक.

६ मार्च
लेकीचा फोन. बाबा, घरीच झोपता ना? हो म्हणालो. तेवढ्यात वहिनींनी जेवायला हाक मारली. लेकीने ते ऐकलं. मग म्हणाली, आई प्रवासाच्या चौथ्या महिन्यात गेली, तुम्ही पुढे सहा महिने एकटे कशाला फिरलात? बुकिंग रद्द होत नव्हतं, असं मी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, बुकिंग मी केलं होतं बाबा. सगळं रद्द होत होतं.
बारीक अक्षरात काहीतरी असेल म्हणालो.

८ मार्च
दुपारची झोप घरी घ्यायची ठरवली.
२.०० सोफ्यावर, चादरीवरच आडवा झालो.
२.१२ खुर्चीवरची चादर हलली. वाऱ्याने. खिडकी बंद आहे, पण फटी असतात.
२.१३ वहिनींकडे.
त्यांचे यजमान म्हणाले, बॅगाही इकडेच आणा की. थट्टा होती. बॅगांचं माप मनात घेतलं.

९ मार्च
वहिनी म्हणाल्या, मी येते, दोघं मिळून चादरी काढू. नको म्हणालो. काढलेल्या चादरीची घडी घालावी लागते. ती आमच्याकडे दोघांची. दोन टोकं हिच्याकडे, दोन माझ्याकडे. ताठ धरा हो, लिफ्टचे दोर असे सैल सोडायचात का, हे तिचं दर वेळी.
वहिनींना एवढंच सांगितलं की पाठ दुखते.

१० मार्च
टूरवाल्याला फोन केला. पंधरा तारखेला एक सहल निघते आहे. पळून जाण्याचा प्रश्न नाही, हवापालट. त्याने विचारलं, किती सीट? दोन म्हणालो. मग एक म्हणालो. मग फोन ठेवला.

११ मार्च. स. ८.३०
घरी गेलो. डोळे मिटून खुर्चीवरची चादर ओढली. बराच वेळ उघडले नाहीत.
उशी नव्हती. कपड्यांचा गठ्ठा होता. माझा पायजमा-सदरा, तिचा गाऊन, दोन टॉवेल, साबणाची नवी वडी. आल्या आल्या अंघोळीला लागेल ते.
चादरीची दोन टोकं कपाटाच्या दारात अडकवली, दोन मी धरली. ताठ. घडी वाकडी आली. मोडून पुन्हा घातली.