‘मी ठीक आहे’चं बटण

सोमवार, ३ मार्च

गुळगुळीत! आजच्या मीटिंगचा शब्द. सायकलच्या हँडलवर बसणारा आपला छोटा कॉम्प्युटर आता नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत हवा, म्हणे. एकही बटण नको. सगळं काचेवर बोट फिरवून. साहेबांना हे सुट्टीवर असताना सुचलं. आम्ही त्यांना खासगीत दूरदृष्टी म्हणतो, कारण जवळचं त्यांना काही दिसत नाही.

सायकलवर शेवटचे कधी बसला होतात, हे विचारायचं फार मनात होतं. पण नोकरी आहे.

मंगळवार, ४ मार्च

जुन्या यंत्राला पाच बटणं. कबूल — त्यातली दोन कशासाठी आहेत हे मलाही पुस्तिका उघडून बघावं लागतं. पडद्यावर वेग, चढ, नाडी, तापमान, सरासरी, सरासरीची सरासरी... उतारावर एवढं वाचत बसलं तर माणूस थेट खड्ड्यात. म्हणून माझा आराखडा असा: पडद्यावर तीनच आकडे, ठसठशीत. आणि बाजूला एकच बटण, उंचवट्याचं, अंगठ्याला न बघता सापडेल असं.

हे एक तरी कशाला? तर सायकलवाला पडला की यंत्राला धक्का कळतो. ते थोडा वेळ शिट्टी मारतं आणि मग घरच्या माणसाला मेसेज पाठवतं — तुमचं माणूस अमुक ठिकाणी पडलंय. पडलेला धडधाकट असेल तर त्याने तेवढ्यात सांगायचं, ‘मी ठीक आहे’. त्यासाठी हे बटण. घामेजल्या, खरचटल्या बोटांनी काचेवर ते कुणी सांगून दाखवावं!

गुरुवार, ६ मार्च

मीटिंगला बादली घेऊन गेले. पाण्यात बुडवलेले हातमोजे साहेबांना घालायला दिले. म्हटलं, सर, आत्ताच पडलात असं समजा. करा मेसेज रद्द.

साहेबांनी काच घासली. पुसली. फुंकर मारली. यंत्राने आधी भाषा बदलली, मग तापमान दाखवलं, आणि शेवटी जाहीर केलं — घरी कळवलं आहे! (फोन जोडलेला नव्हता, म्हणून निभावलं.)

"गेला तर गेला," साहेब म्हणाले. "एक मेसेजच तर आहे. त्याने काय आभाळ कोसळणार आहे?"

मी म्हटलं, पाठवणाऱ्याचं नाही कोसळत, सर. ज्याला मिळतो त्याचं कोसळतं.

"तुम्ही फार भावनिक होता बुवा."

मी भावनिक! हे ताईला ऐकवायला हवं. तिच्या मते माझ्या छातीत दगड आहे. लांबच्या गावात एकटी राहते, आणि गेली दोन वर्षं आमचं बोलणं नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात मी पाहुणीसारखी आले नि गेले, असं ती चार नातेवाइकांसमोर म्हणाली. मी तिचा नंबर ब्लॉक केला. नव्या घराचा पत्ताही कळवला नाही. बरोबरच केलं.

शुक्रवार, ७ मार्च

"बरोबरच केलं" हे काल कशाला लिहिलं? कुणी विचारलं होतं!

मंगळवार, ११ मार्च

तडजोड झाली. एक नमुना बटणाचा, एक गुळगुळीत. उद्या दोन्ही आपटायचे, आणि गुरुवारच्या मीटिंगमध्ये निकाल. बटणाच्या फटीतून यंत्र फुटेल अशी साहेबांना फार आशा आहे.

नमुन्यांना जोडायला ऑफिसचा फोन मिळाला, पण चाचणीचं खातं नाही — ज्यांनी ते द्यायचं ते रजेवर. शेवटी माझंच जुनं खातं टाकलं, मी सायकल चालवायचे तेव्हाचं. प्रोग्रॅमरला विचारलं, मेसेज बंद केलेस ना? "मॅडम, माझ्यावर विश्वास नाही का?" हा प्रश्न तो विचारतो तेव्हाच माझा विश्वास उडतो. पण घाई होती.

बुधवार, १२ मार्च

सकाळपासून आपटाआपटी! हँडलच्या उंचीवरून फरशीवर — पुढून, मागून, कोपऱ्यावर. इतकं मन लावून मी कित्येक महिन्यांत काही केलं नव्हतं. यंत्र शिट्ट्या मारतंय, आम्ही आपले पुन्हा आपटतोय. संध्याकाळी गुळगुळीत महाशयांना आरपार तडा. बटणवालं ठणठणीत! साहेब म्हणाले, "हं." त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे सत्कारच.

प्रोग्रॅमर सांगत होता, चाचणीचा फोन दिवसभर वाजत होता. "कोणीतरी काहीतरी विकायलाच बसलं होतं, मॅडम. आवाज बंद करून खणात टाकला."

त्याच दिवशी, निघता निघता

मेसेज बंद नव्हते.

म्हणजे गुळगुळीत नमुन्याचे बंद होते. माझ्या लाडक्याचे चालू राहिले. प्रोग्रॅमर खाली मान घालून सांगत होता आणि मी विचारत होते, कुणाला गेले? कुणाला? जुनं खातं उघडलं. अडचणीत कुणाला कळवायचं — ताई.

खणातला फोन काढला; मेसेज त्याच्याच नंबरवरून गेलेले. तिचे मिस्ड कॉल वर सरकवत राहिले, संपेचनात. माझ्या नंबरवर तिला फोन लागणार नाही, ही सोय मीच करून ठेवलेली. आणि मेसेज मात्र जातायत — पडली, पडली, पुन्हा पडली. ज्या बटणासाठी मी दहा दिवस जिवाचं रान केलं, ते दिवसभरात एकदाही दाबलं नाही.

ब्लॉक काढला. तिला लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तिच्या शेजाऱ्यांचा नंबर माझ्याकडे नाही. मला भीती वाटतेय. फार भीती वाटतेय.

गुरुवार, १३ मार्च

रिसेप्शनवर ताई. पायात घरातल्या चपला, हातात पिशवी. मला वरून खालपर्यंत बघितलं. दंड दाबून बघितले, कोपरं उलटी करून बघितली.

"किती वेळा पडशील गं?"

मला रडू आवरेना. म्हटलं, अगं, एवढे मेसेज आले, यंत्र बिघडलंय हे कळलं नाही तुला?

"कळलं की! न कळायला काय झालं? पण तोवर बस सुटली होती."

वर मीटिंग सुरू झाली असेल. होऊ दे.

ताई पिशवीत उगीचच काहीतरी शोधत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुढच्या स्टॉपवर उतरता आलं असतं म्हणा."