बावीस डोकी

३ जानेवारी

आज तुरुंगातल्या माझ्या वर्गात कुणी खोकलंसुद्धा नाही. बावीस कैदी आणि असली शांतता! काहीतरी शिजतंय.

जेलरसाहेबांनी पुन्हा बजावलं – "तीनच्या मोजणीत एक डोकं कमी भरलं, की वर्ग बंद. आणि तुम्हीही घरी!" मोजणी कसली! शिपाई दाराच्या झरोक्यातून बोट नाचवतो. मी फळ्याशी उभा, म्हणून मला सोडून. त्यानंतरची मोजणी थेट सहाला, बराकीत.

५ जानेवारी

मेव्हणीने विणलेला राखाडी स्वेटर घातला. बायको म्हणाली, "अगदी तुमच्या कैद्यांतलेच दिसताय!" वर्गातला न्हावी मात्र म्हणतो, "सर, काय शोभतोय! रोज घाला." बावीस वर्षांच्या संसारात मला काही शोभतं असं कुणी म्हटलेलं नाही. म्हणजे याला सुटकेसाठी शिफारसपत्र हवंय. देत नाही, जा!

६ जानेवारी

आज घड्याळजीनेही स्वेटर वाखाणला. त्याची अजून अकरा वर्षं बाकी. दोन वर्षांपूर्वी अंगठा उठवायचा, आता फळ्यावरच्या माझ्या चुका काढतो. अख्ख्या वर्गात या एकाचाच मला संशय येत नाही. हेच संशयास्पद!

८ जानेवारी

शिफारसपत्र अजून कुणीच मागितलेलं नाही. आता मात्र हद्द झाली!

९ जानेवारी

"सर, पाय दुखत असतील. बसा आमच्यात, धडा आज मी वाचतो," न्हावी म्हणाला. मागच्या बाकावर घड्याळजीची जागा रिकामी होती – फळ्याचा स्पंज भिजवायला मीच त्याला नळावर धाडलं होतं. बसलो. न्हावी जागेवरूनच वाचत होता, थेट माझ्यासारखा खेकसत. डोळे मिटून ऐकलं. बरं वाटलं हो!

तीनला झरोक्यातून आवाज आला – "बावीस. बरोबर!"

घरी येताना सारखं काहीतरी टोचत होतं. चहा घेताना आठवलं. फळा पुसायचा राहिला. स्पंज आलाच नाही.

९ जानेवारी, साडेपाच

घड्याळजीही आला नाही. बावीस भरली ती मला धरून.

धोब्याची गाडी नळाशेजारीच लागते. तीन वाजून गेले की फाटकाबाहेर सुटते.

फोन समोर आहे. बायको विचारतेय, "कुणाला करायचाय का?" म्हटलं, आधी हे पान होऊ दे.

सहाला अजून अर्धा तास आहे. आज अक्षर फार सुबक काढतोय.