पहिला शब्द

बाई,

तुमच्याविरुद्ध माझी एक तक्रार आहे. गंभीर आहे, आणि वालांबद्दल आहे. गेली पस्तीस वर्षं मला डाळिंब्यांची उसळ सरळपणे खाता आलेली नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी वाटीत उसळ घालतो आणि माझ्या तोंडात घासाच्या आधी ‘देवः देवौ देवाः’ येतं. मागे एकदा शेजारी जेवणाऱ्या गृहस्थांनी विचारलंही, ‘तुमच्यात जेवणाआधी हे म्हणतात का?’ मी हो म्हणून टाकलं. विषयाची अब्रू राखायला एवढं खोटं तुम्हीही चालवून घेतलं असतंत.

दोष तुमचाच आहे. मुलुंडच्या तुमच्या स्वयंपाकघरात मी पाटावर बसायचो, मधे मोड आलेल्या वालांचं पातेलं, दोन्ही हात कोमट पाण्यात. लिहायची सोयच नाही. ‘हात गुंतले की डोकं भटकत नाही,’ हे तुमचं शास्त्र. पहिला शब्द तुम्ही द्यायचात, पुढचं मी म्हणायचं, आणि चुकलो की सोललेल्यातला एक वाल उचलून माझ्या पुढ्यात ठेवायचात, जणू त्याचं साल माझ्या चुकीने परत आलं. शाळेत तास संपला की फळा पुसायचा; तुमच्याकडे तास संपला की फोडणी पडायची. त्या सगळ्यातून मला संस्कृत आलं, ते अजून येतं, आणि म्हणून मी तीच पद्धत माझ्या मुलीवर चालवली. ती तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मायची होती.

ती पंधरा वर्षांची आहे. पाचवीपर्यंत शाळेत गेली. बोलताना पहिल्या अक्षराला अडकायची. ते एकदा सुटलं की पुढे तिला थांबवणं कठीण. पण वर्गात तेवढा वेळ कोणाला असतो? हजेरीला ‘हजर’ म्हणायला तिला दोन क्षण जास्त लागायचे, आणि तेवढ्यात मागच्या बाकावरची पोरं तिच्या वतीने कोरसमध्ये म्हणून टाकायची. एक दिवस घरी येऊन तिने दप्तर कोपऱ्यात ठेवलं आणि सांगितलं की मी उद्यापासून जाणार नाही. हे एवढं वाक्य मात्र न अडकता. आम्ही तिला घरी ठेवलं. बायकोने गणित आणि विज्ञान घेतलं, मी भाषा. पहिल्याच आठवड्यात मी वाल भिजत घातले. मी पहिला शब्द दिला आणि बाई, ती जी सुटली, की अख्खं सुभाषित एका दमात. बायको दारात येऊन उभी राहिली होती. त्या दिवशी मला वाटलं, तुमची पद्धत हिच्यासाठीच राखून ठेवलेली होती.

आता कॉलेजला जायचं तिचं तिनेच ठरवलंय, आणि त्यासाठी दहावी हवी. सतरा नंबरचा फॉर्म भरून ती बाहेरून बसली आहे. बाकीच्या विषयांची काळजी नव्हती, ते तिने लिहून लिहून केले होते. संस्कृतची तर मला मुळीच नव्हती. महिन्याभरापूर्वी जेवणाच्या टेबलावर सराव पेपर लावला, घड्याळ ठेवलं, समोर मी बसलो. तीन तासांत तिने सगळा सोडवला. मी कौतुकाने पानं गोळा करत होतो, तर बायको म्हणाली, ‘अरे, तू ओठ का हलवत होतास?’

‘कोण? मी?’

‘प्रत्येक प्रश्नाला. ती वर बघायची, तू हलवायचास, मग ती लिहायची. दोघांनी मिळून दिलाय पेपर.’

मुलगी पेनाला टोपण लावत बसली.

दुसऱ्या रविवारी मला पिशवी देऊन मंडईत पाठवण्यात आलं. चाळीस मिनिटांनी परत आलो तेव्हा ती खुर्चीत ताठ बसलेली, हातात पेन, आणि उत्तरपत्रिकेवर फक्त वर कोपऱ्यात सुबक अक्षरात नंबर. आत काही नाही. मला पाहून म्हणाली, ‘मला सगळं येतंय, बाबा. फक्त सु... सु...’

‘सुरू होत नाहीये,’ मी म्हटलं.

तिने मान हलवली. मी मेथी ओट्यावर ठेवली. पाच वर्षं आम्ही एका मुलीला संस्कृत शिकवत होतो आणि पाच वर्षं त्यातला पहिला शब्द माझा होता.

तेव्हा तुमची आठवण झाली. माझ्या परीक्षेला आठ-दहा दिवस राहिले होते आणि तुम्ही एकदम शब्द देणं बंद केलंत. मी वाट पाहत पाटावर बसलेला. तुम्ही म्हणालात, ‘मेल्या, मी काय तुझ्या बाकाखाली बसणार आहे?’ आणि माझ्याकडे पाठ करून गॅसपाशी उभ्या राहिलात. मी रागाने एक अक्षर उच्चारलं नाही, पातेलंभर वाल सोलले आणि निघून गेलो. दुसऱ्या दिवशी आलो तरी तुमची पाठच. तिसऱ्या दिवशी मी सुरुवात केली. तुम्ही वळला नाहीत, फक्त ढवळणं थांबवलंत. परीक्षेच्या सकाळी माझ्या मुठीत दोन कोरडे वाल ठेवलेत, ‘हात शिवशिवले तर धर,’ आणि मग कुठे तोंड दाखवलंत.

तर मीही पाठ केली. ओट्याकडे तोंड करून उभा राहिलो, मागे ती पेपर घेऊन. पाच मिनिटांनी आवाज आला, ‘बाबा, डब्यात दिसतोयस.’ समोर पोह्यांचा स्टीलचा डबा होता, आणि त्यात माझे ओठ. बायको हसली, मग मुलगी हसली, मी डबा फळीवर मागे सरकवला. शेवटी मला गच्चीवर हाकलण्यात आलं. एकदा तिने पाचांपैकी दोन प्रश्न लिहिले, एकदा चार, परवा पुन्हा एकच. त्याच्यापुढे काय होणार ते मला माहीत नाही, आणि आज पेपर आहे.

आत्ता ती आत आहे. मी केंद्राच्या समोरच्या उडुप्याकडे बसलोय. पोऱ्याने तिसऱ्यांदा ‘और कुछ?’ विचारलंय. हा कागद म्हणजे तीच कोरी उत्तरपत्रिका, वर तिचा नंबर आहे. पेपर सुरू होऊन तासाच्या वर झालाय. खिडक्या उंच आहेत, पंखे दिसतात, डोकी दिसत नाहीत.

सकाळी मी तिला दोन वाल दिले. तिने ते पारदर्शक पाऊचमध्ये पेनांबरोबर ठेवले. फाटकावर तपासणीला एक बाई होत्या. त्यांनी पाऊच उजेडात धरला. ‘हे काय गं?’

ती म्हणाली, ‘वा...’ आणि अडकली. पुन्हा म्हणाली, ‘वा...’ मागे रांग होती. तिने एक हात वर केला होता, थांबा म्हणतात तसा, शांतपणे. चेहऱ्यावर भीती नव्हती. त्या बाईही थांबल्या होत्या, त्यांना काही घाई नव्हती. आणि मी दोरीच्या या बाजूने, पालकांच्या गर्दीतून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, ‘वाल! वाल आहेत ते.’

त्या बाई हसल्या, जा म्हणाल्या. ती माझ्याकडे वळली. रागावली असती तर बरं झालं असतं. नुसतं पाहिलं, पाऊच घेतला आणि आत गेली. मग मागे वळली नाही.

शब्द येत होता. ओठांवर आला होता, मला दिसत होता. मी श्वासभर थांबलो असतो तर आला असता. इतकी वर्षं त्या मागच्या बाकावरच्या पोरांना मी शिव्या घालत आलोय. त्यांनी वेगळं काय केलं होतं? निदान त्यांना कधीतरी त्याचा कंटाळा यायचा, मला तोही आला नाही.

ती नापास होईल याची मला भीती वाटत नाही, असं लिहिणार होतो. खरं म्हणजे वाटते. पण पुन्हा बसता येतं. तुम्ही तीन दिवस पाठ करून उभ्या राहिलात, बाई, तेव्हा मला तुम्ही निष्ठुर वाटला होतात. ते काय असतं ते आज कळलं, आणि मला ते जमत नाही. थोड्या वेळाने फाटक उघडेल, ती बाहेर येईल, काहीतरी सांगायला तोंड उघडेल आणि पहिल्या अक्षराला थांबेल. तेवढा वेळ मला गप्प राहता येईल असं वाटत नाही.