नातीसाठी जर्मन

५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ७
आजपासून जर्मन. काल आरोहीचा फोन आला. ती, जावई टोबियास आणि नात लीना वीस डिसेंबरला दहा दिवसांसाठी युसूफ वडगावला येताहेत. लीना चार वर्षांची आहे आणि मी तिला फक्त फोनमध्ये पाहिलंय. तिला जर्मनशिवाय काही येत नाही. मराठी का शिकवली नाहीस म्हणून लेकीवर चिडलो, तर म्हणाली, आम्ही तिघं तीन वेळेला घरात असतो पप्पा, कधी शिकवू. असो. नातीनं मांडीवर बसून माझ्याशी बोललं पाहिजे, बस्स. अडीच महिने भरपूर झाले. सभापती होतो तेव्हा दीड महिन्यात अख्खा तालुका पायाखाली घातलाय.

६ ऑक्टोबर
शिक्षिका मिळाली. गावातल्या छबुबाईची लेक मंगल. आईबाप ऊसतोडीला जायचे, पोरगी नर्स झाली. जर्मनीतल्या दवाखान्यात नोकरी लागलीय, जानेवारीत निघणार. रोज संध्याकाळी सहाला येईल. दोनशे पानी वही आणि हायलायटर आणला.

७ ऑक्टोबर
सोपी आहे. त्यांच्यातही तो, ती, ते आहे. आपल्याला हे आईच्या पोटातच येतं. म्हणजे अर्धी भाषा आलीच.

८ ऑक्टोबर
त्यांच्यात सूर्य 'ती' आहे आणि चंद्र 'तो'. मुलगी चक्क 'ते'. कारण विचारलं तर मंगल म्हणते, कारण नसतं, पाठ करायचं. सूर्यनारायणाला बाई कोण म्हणेल? हा धडा सोडून दिला.

११ ऑक्टोबर
जीभ टाळूजवळ नेऊन काढायचा एक आवाज आहे. देवनागरीत लिहिताच येत नाही. मंगलनं मला बावीस वेळा चूक म्हटलं. मोजलं मी. शेवटी हरिबाला विचारलं. हरिबा माझा जुना कार्यकर्ता, सावलीसारखा सोबत असतो. तो म्हणाला, हुबेहूब. हरिबाचा कान चांगला आहे.

१४ ऑक्टोबर. दुपारी १
स्टँडवर फ्लेक्स लागला. 'जर्मन भाषेवर प्रभुत्व मिळवल्याबद्दल मा. अमरसिंह आबासाहेब यांचे हार्दिक अभिनंदन'. खाली शुभेच्छुक म्हणून हरिबा आणि एकोणीस जणांचे फोटो. मला न विचारता! माझे सातच धडे झालेत. काढायला सांगणार होतो. पण फोटो बरा आलाय. फेटाही तो चांगला बांधलेला. राहू दे, याला आगाऊ अभिनंदन म्हणता येईल.

१५ ऑक्टोबर
अडचण. मंगल सहाला आली तेव्हा ओट्यावर शेजारचा राधाकिशन बसलेला. प्रभुत्व मिळवलेला माणूस शिकवणी कशी लावणार? मंगलला मोठ्यानं विचारलं, काय अडलंय गं तुझं, बस, सांगतो. ती आल्या पावली परत गेली.

१६ ऑक्टोबर
राधाकिशननं फवारणी पंपाचं माहितीपत्रक आणलं. परदेशी भाषेत होतं. दोन मिनिटं पाहिलं आणि पाण्यात औषध मिसळून काळजीपूर्वक वापर, म्हणालो. हे कुठल्याही पंपाला लागू आहे.

२४ ऑक्टोबर
दिवाळी. आठ दिवस अभ्यास नाही. मेंदूलाही विश्रांती लागते.

२ नोव्हेंबर, रविवार
उपाय निघाला. दर रविवारी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर शिकवणी. तिथं मला कोण ओळखतंय? मंगलसोबत छबुबाईही आली. आज एक ते वीस आकडे. वीस मिनिटांत छबुबाईला सगळे आले. मला तेरापर्यंत, कारण मध्येच सात जण रामराम घालून गेले आणि त्यातल्या दोघांनी फ्लेक्सचं अभिनंदन केलं. माझं इथंही जगणं अवघड आहे.

९ नोव्हेंबर
व्हिडिओ कॉल. पाठ केलेलं वाक्य लीनाला म्हणून दाखवलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि उठून खेळायला गेली. नेटवर्क फार खराब आहे. सुनिता म्हणते, नेटवर्कला काय झालंय, तिचं बोलणं तर येत होतं. बायकोला टेक्निकल बाबी कळत नाहीत.

१६ नोव्हेंबर
ढाबा. मंगलला विचारलं, तुला कशी आली एवढ्या लवकर? तिनं लहानपणीचं सांगितलं. नऊ वर्षांची असताना आईबापासोबत कर्नाटकात ऊसतोडीच्या टोळीवर गेली होती. किराणा आणायला, नळावर पाणी मागायला हिलाच पाठवायचे. चुकीचं कानडी बोललं की दुकानातली पोरं हसायची, मग बरोबर काय ते सांगायची. दोन महिन्यांत कानडी आली. नशीबवान पोर. एवढ्या लहान वयात बाहेर फिरायला मिळालं. आमचा जन्म वडगावात गेला.

निघताना म्हणाली, "भाषा अवघड नसती आबासाहेब. चुकावं लागतंय, अन् कुणीतरी तोंडावर हसावं लागतंय. तुमाला कोण हसणार?"

खरंय. आपला दरारा आहे. पोरगी हुशार आहे, पण आता तिची गरज नाही. पायाभूत सगळं झालंय. शिकवणी बंद.

१० डिसेंबर
वीस तारखेला ग्रामपंचायतीसमोर जाहीर स्वागत. मी जर्मनमध्ये भाषण करणार, असं हरिबानं आधीच सगळ्यांना सांगून टाकलंय. बरं झालं. माझं नेहमीचं भाषण मोबाइलला देऊन जर्मन करून घेतलं आणि देवनागरीत उतरवलं. साडेतीन पानं. 'व्यासपीठावरील मान्यवर' एवढ्यालाच दीड ओळ जाते. हे लोक आटोपशीर नाहीत.

१५ डिसेंबर
अजून पाच दिवस. झोप नीट लागत नाही, जेवणात लक्ष नाही. भाषण म्हशींपुढं म्हणून पाहिलं. सुनिता म्हणाली, पोरीला भाषण काय करायचंय, तिला आजा पाहिजे. तिला म्हटलं, तू पुरणाचं बघ.

२० डिसेंबर, शनिवार
झालं. टाळ्याच टाळ्या. मी जिथं थांबलो तिथं लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकदा ठसका लागला तिथंही. जावई फेटा सावरत हसत होता, मान हलवत होता. काय कळलं ते विचारलं नाही. पण फटाक्यांची लड लागली आणि लीना किंचाळली. माइक घेऊन तिच्याजवळ गेलो, तर आईच्या खांद्यात तोंड खुपसून रडली. प्रवासाचा शीण.

२२ डिसेंबर
मी खोलीत गेलो की लीना दुसऱ्या खोलीत जाते. लागणारा वेळ: शून्य.

२४ डिसेंबर
सुनितानं तिला पोळपाटाजवळ बसवून कणकेचा उंदीर करून दिला. दोघी दोन तास हसत होत्या. सुनिताला जर्मनचं एक अक्षर येत नाही. मी चार वेळा दारातून डोकावलो. फार वाईट वाटलं. कुणाला सांगितलं नाही.

२७ डिसेंबर. सकाळी ८
गोठ्यात एकटाच धार काढत होतो. गडी आजारी होता. लीना दारात येऊन उभी राहिली. भाषणातलं एकही वाक्य आठवेना. चरवी दाखवून दुधाला त्यांच्यात काय म्हणतात ते म्हणालो. तिनं मान हलवली. नाही. परत म्हणालो. नाही. ती खुदकन हसली आणि जवळ आली. माझा हात धरून तोच देवनागरीत न मावणारा आवाज काढून दाखवला. मग मी, मग ती. अर्धा तास तरी झाला असेल. शेवटी तिनं टाळी वाजवली. एकच. मग म्हैस, शेण, दावं, बादली. सगळं चुकलं आणि सगळ्याला ती हसली. आयुष्यात एवढा आनंद झाला नव्हता. सभापती झालो तेव्हाही नाही.

२९ डिसेंबर
सात शब्द झाले. पैकी चार तिच्या मते बरोबर. आज मांडीवर बसली, अकरा मिनिटं. उद्या निघणार.

३० डिसेंबर. सकाळी १०
गाडीत बसताना लीना आरोहीला काहीतरी विचारत होती, माझ्याकडं बोट करून. आरोही सांगेना. मी हट्ट धरला.

ती म्हणाली, "पप्पा, ती विचारतेय, आजोबांना घरी कुणीच बोलायला शिकवलं नाही का? ते चुकतात तेव्हा सगळे गप्प का बसतात?"

गाडी गेली. मी रस्त्यावर उभा. हरिबा मागून आला आणि म्हणाला, आबासाहेब, दहा दिवसांत पोरीला कसं वळण लावलं तुमी. त्याला म्हटलं, हरिबा, तू तीस वर्षं माझ्यासोबत आहेस. माझं काय काय चुकलं ते आज सांग. घाबरू नकोस, मी वहीत लिहून घेतो.

त्यानं खरंच विचार केला. कपाळाला आठ्या पडल्या.

"न्हाई बा," तो म्हणाला, "तुमचं कुठं काय चुकतंय."

वही उघडली, एक आकडा घातला आणि त्यापुढं हरिबाचं हेच वाक्य लिहून घेतलं.